हात खिशात घालून कुठवर फिरायचं?

पत्र (थोडं कमी करून):

“ताई, आमचं घर सांगलीत, विश्रामबागच्या बाजूला. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, सत्तरीचे आहेत. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ते दिवाणजी होते. चार वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला. दवाखाने मिरजेतही आहेत, पण तिथं ओळखीचं कुणीतरी भेटतंच, म्हणून आम्ही वर्षातून दोनदा पुण्याला जातो. धाकट्या नणंदेचं लग्न जमवायचं चाललंय. ते पार पडेपर्यंत बाहेर काही कळता कामा नये, असं माझे मिस्टर म्हणतात. ‘हात खिशात घाला’, ‘हात सरळ धरा’ हे मामांच्या मागं सारखं चालू असतं. मामांनी आमराईत फिरायला जाणं सोडलं, भजनी मंडळ सोडलं. गल्लीत कुणीतरी ‘घेतात वाटतं’ म्हणालं, ते आत्यांच्या (माझ्या सासूबाईंच्या) कानावर आलं, तेव्हापासून त्याही कुठं जात नाहीत.

गेल्या महिन्यात एका लग्नात मामा कार्यालयाच्या दारात खिळून उभे राहिले. पाऊलच उचलेना. यांनी हात धरून ओढलं, पडता पडता वाचले. लोकांसमोर नको म्हणून दुपारची गोळी घेतलीच नव्हती. मध्यंतरी चक्कर यायची म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून गोळी आणली. त्यांनाही आजाराचं बोललो नाही. आत्या माहेरच्या वैद्यांचं कवचबीजाचं चूर्ण दुधातून देतात, ते फक्त मला माहीत आहे. मामांना त्या हातानं भरवतात. बँकेत मामांची सही जुळत नाही म्हणून स्लिपवर हेच सही ठोकतात. आणि पंधरा दिवस झाले, संध्याकाळी मामा कोपऱ्यात मांजर बसलंय म्हणतात. हे डॉक्टरांनाही सांगायचं नाही, वेड लागलं म्हणतील, असं यांनी बजावलंय. माझी मुलगी म्हणते, आजोबा हल्ली रागावलेलेच असतात. मी काय करू? आणि हे माझ्या मुलांना होईल का?”

एक सून, सांगली


आधी मांजराचं बोलू. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबायला नको.

पार्किन्सन्सच्या माणसाला नसलेलं मूल, नसलेलं जनावर दिसणं म्हणजे वेड नव्हे. आजार जुना होत गेला की पुष्कळांना असं दिसतं, आणि बऱ्याचदा त्यामागं औषधांचाही हात असतो. मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन कमी पडतं म्हणून ते भरून काढणाऱ्या गोळ्या देतात. त्यांचं प्रमाण वाढलं की भास होऊ शकतात. थरथरीसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल देतात, ते वयस्कर माणसाला गोंधळात टाकू शकतं. लघवीचं इन्फेक्शन झालं किंवा अंगात पाणी कमी पडलं तरी म्हातारं माणूस चार दिवस भलतंच बोलायला लागतं. यातलं कुठलं कारण आहे ते डॉक्टर शोधतील. फक्त तुमच्या घरात एक गोष्ट अशी आहे, जी त्यांना माहीतच नाही, ती म्हणजे चूर्ण.

कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. त्यात लिव्होडोपा असतो, आणि पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीतही मुख्य औषध तेच असतं. तेव्हा आत्यांच्या माहेरचे वैद्य थोतांड करतात असं मी मुळीच म्हणणार नाही. आयुर्वेदात कंपवातावर हे बी पूर्वापार वापरतात. पण पुण्याचे डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून डोस ठरवणार आणि घरात त्याच औषधाचा दुसरा हप्ता चमच्यानं, अंदाजानं जाणार. मग मामांच्या पोटात रोज किती जातंय हे जगात कुणालाच ठाऊक नाही. भास त्यामुळंच होतात असं मी इथं बसून सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनाही चूर्णाचं कळल्याखेरीज सांगता येणार नाही. पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. तोवर आपल्या मनानं कुठलीही गोळी बंद करू नका. लिव्होडोपा एकदम थांबवला तर अंग ताठून ताप चढतो आणि ते जिवावर बेतू शकतं. चूर्ण चालू ठेवायचं की कसं बंद करायचं, तेही त्याच फोनवर विचारा.

मामा मांजर म्हणाले की त्यांना खोटं पाडू नका आणि मांजर हाकलल्याचं नाटकही करू नका. “मला नाही दिसत, मामा, पण तुम्हाला दिसतंय खरं,” एवढं म्हणून दिवा लावा. अंधुक उजेडात हे जास्त होतं.

आता पत्राचं मूळ. तुम्ही लिहिताना लपवलेली गोष्ट एकच धरून चालला आहात, थरथर. मला तिच्या मागं रांग दिसते. पुण्याच्या डॉक्टरांपासून चूर्ण आणि मांजर लपलंय. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपासून आजारच लपलाय. तुमच्या मिस्टरांपासून चूर्ण, बँकेपासून खरी सही, गल्लीपासून सगळंच. या चार वर्षांत मामांचं जे जे बिघडलंय, त्यातलं निम्मं तरी मला आजारापेक्षा या लपवालपवीच्या खात्यावर मांडावंसं वाटतं. लग्नात ते दारात अडकले ते गोळी चुकल्यामुळं, आणि गोळी चुकली ती चारचौघांत गोळ्यांचं पाकीट काढायची चोरी म्हणून.

शिवाय थरथर लपवून लपतच नाही. पार्किन्सन्सची थरथर बहुतेक करून हात स्वस्थ असताना येते. मांडीवर ठेवलेला, बाजूला सोडलेला हात हलतो, आणि त्याच हातानं कप उचलायला गेलं की थरथर थोडा वेळ कमी होते. मनावर ताण आला, कुणी टक लावून बघतंय असं वाटलं, की वाढते. म्हणजे “हात सरळ धरा” हे वाक्य थरथर वाढवायचा खात्रीचा उपाय आहे. मिस्टरांना हे रागानं सांगू नका. त्यांना खरंच वाटत असणार की मामांनी मनावर घेतलं तर हात थांबेल. मेंदूच्या तळाशी डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा एक छोटासा भाग असतो. पहिली थरथर दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. मनावर घेण्याचा त्यात काही संबंध नाही. आत्यांना सहज विचारून बघा, मामांना वास येईनासा कधी झाला? झोपेत ओरडणं, लाथा झाडणं कधीपासून होतं? बद्धकोष्ठ? कित्येकांच्या बाबतीत ही लक्षणं हात हलायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असतात. हळदीच्या वखारीत आयुष्य काढलेल्या माणसाचा वास गेला तर घरचे धुळीवर ढकलून मोकळे होतात, आणि तेही चूक म्हणता येत नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं 1817 मध्ये या आजारावर पहिला तपशीलवार निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांचं वर्णन आहे. त्यातले काही त्याला नुसते रस्त्यात भेटलेले, एकाला तर त्यानं लांबूनच बघितलेलं. दोनशे वर्षांपूर्वी रस्त्यावरून जाणाऱ्याला जे दिसलं, ते सांगलीच्या लग्नात पंगतीला बसलेल्यांना दिसणार नाही असं कसं होईल? दिसतंच. कारण कुणी सांगत नाही, म्हणून लोक आपापलं कारण जोडतात. मंद चाल, पुटपुटल्यासारखं बोलणं, हलणारा हात, एवढ्या सामग्रीवर गल्लीनं “घेतात” असा निकाल दिला. तुमच्या मिस्टरांना बहिणीच्या लग्नाआधी वडलांच्या आजाराची बोलवा नकोय. तूर्त बोलवा झालीय ती दारूची. यातली कुठली परवडणारी आहे, ते त्यांनीच ठरवावं.

स्थळाकडच्यांना काय सांगायचं? सरळ सांगायचं, आणि बोलणी पक्की व्हायच्या आधी सांगायचं. “वडिलांना चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, औषध चालू आहे, तुमच्याकडं बसतील तेव्हा गोळीची वेळ झाली तर घेतील.” बास. पुढचा प्रश्न बहुधा तुम्ही मला विचारलात तोच येईल, आनुवंशिक आहे का? बहुतेकांच्या बाबतीत नसतो. शंभरातल्या साधारण दहा-पंधरा रुग्णांच्या जवळच्या नात्यात आधी कुणाला झालेला सापडतो. घरात एकाला असला की मुलांचा धोका थोडा वाढतो, पण मुळातच हा साठीनंतर शंभरात एखाद्याला होणारा आजार आहे. मामांना तो साठीच्या पुढं झालाय. चाळिशीच्या आत झाला असता किंवा घरात दोघा-तिघांना असता, तर जनुकीय तपासणीचं बोलणं वेगळं होतं. तुमच्या मुलांसाठी आज करण्यासारखं काही नाही, आणि नणंदेच्या लग्नात अडकण्यासारखंही काही नाही. तरीही एखादं स्थळ यावरून मागं फिरलं तर फिरू दे. लग्नानंतर कळून त्यांनी तिला बोल लावले असते, ते जास्त महागात पडलं असतं.

मिरज सोडून पुण्याला जाणं मला सगळ्यात खटकलं. आख्खा जिल्हा आणि पलीकडचा कर्नाटक औषधपाण्याला मिरजेला येतो, आणि तुम्ही मिरजेच्या दारातून उठून पुण्याला! पार्किन्सन्समध्ये वर्षातून दोनदा भेटून भागत नाही. डोस हळूहळू, थोडा थोडा जुळवावा लागतो. एखादी गोळी अर्धी करून दोन आठवड्यांनी दाखवायचं असतं. जवळचा न्यूरॉलॉजिस्ट, किंवा पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून डोस बघणारा मिरजेतला फिजिशियन गाठा. दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटलं तर तेही कुणाला तरी घेऊनच आलेलं असणार.

गोळीचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरातल्यांच्या हातात खरोखर काही असेल तर ते हेच. लिव्होडोपाची गोळी घड्याळावर चालते. आजार जुना झाला की एका गोळीचा असर पुढच्या गोळीआधीच ओसरायला लागतो, आणि अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी माणूस जागच्या जागी अडकतो. मोबाइलला गजर लावा आणि तो बाहेरही वाजू द्या. मामांच्या सदऱ्याच्या खिशात हातापेक्षा गोळ्यांची डबी असलेली बरी. दुसरं, ही गोळी रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर घेतलेली बरी. डाळ, अंडी, मटण, दूध यांतली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूपाशी या औषधाची वाट अडवतात. आत्या दुधातून चूर्ण देतात, म्हणजे गोळीही त्याच पेल्याबरोबर जात असेल अशी मला शंका आहे. दूध तोडायचं नाही, वेळ बदलायची. म्हातारपणात प्रथिनं लागतातच. पोट रिकामं असताना मळमळत असेल तर एखादं बिस्कीट चालेल का ते डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि ही एकत्र नको.

आणि ती चक्करची गोळी. तिचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण घरात जाऊन पाकीट बघा. सिनारिझीन, फ्लुनारिझीन, प्रोक्लोरपेराझीन, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड ही आपल्याकडं सर्रास दिली जाणारी औषधं डोपामिनचं काम अडवतात. निरोगी माणसातही ती पार्किन्सन्ससारखी लक्षणं उभी करू शकतात, मग मामांच्या बाबतीत काय होणार. यातलं काही सापडलं तर त्याच फोनवर सांगा. डॉक्टरांची यात काही चूक नाही, त्यांना सांगितलं कुणी होतं? चक्करही बहुधा उठताना येत असेल. या आजारात आणि या औषधांनी उभं राहिल्यावर ब्लडप्रेशर खाली येतं. ते झोपून एकदा आणि उभं करून एकदा मोजायला सांगा. मामांनी उठताना आधी कॉटवर पाय सोडून दोन मिनिटं बसावं.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारून ठेवते. प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही पार्किन्सन्सचीच औषधं चालू असलेल्या काहींना एकाएकी लॉटरी-जुगार, वारेमाप खरेदी, सतत खाणं याचा हव्यास सुटतो. असं काही दिसलं तर तो स्वभाव समजून भांडत बसू नका, डॉक्टरांना कळवा.

दारात पाय खिळला की ओढायचं नाही. ओढलं की वरचं अंग पुढं जातं, पाय तिथंच राहतो. थांबा, मामांना एक श्वास घेऊ द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला सांगा आणि मोठ्यानं ताल द्या. त्यांना भजनाची सवय आहे, “ज्ञानोबा-तुकाराम”वर पाऊल उचलेल. किंवा तुमचं पाऊल त्यांच्यापुढं आडवं ठेवा, “हे ओलांडा” म्हणा. अडलेली चाल डोळ्यापुढं रेघ किंवा कानात ठेका मिळाला की बऱ्याचदा सुटते. मोरीच्या आणि संडासाच्या दाराशी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावा. तिथली पायपुसणी काढा. वळताना गर्रकन नाही, चार-पाच पावलांत अर्धगोल.

भजनी मंडळ परत सुरू करायचंच. मामांचा आवाज बसला असेल, आणि मोठ्यानं, ठासून बोलायचा रोजचा सराव हा त्यावरचा खराखुरा उपचार आहे. आठवड्यातून एकदा टाळ-मृदंगाच्या गजरात तोंड उघडणं त्यांना दवाखान्याइतकंच गरजेचं आहे. टाळ थोडा चुकेल. आमराईत सकाळची गोळी लागू झाल्यावर न्या. व्यायामानं या आजारात चालणं आणि तोल सुधारतो, हे आता पक्कं झालेलं आहे. घाटाच्या पायऱ्या मात्र टाळा.

आत्यांचं भरवणं. त्यांना वाटतं आपण सेवा करतोय, आणि करतातच. पण मामांचा हात अजून चालतोय, तो ताटावरून उतरवायची वेळ आलेली नाही. खोलगट, जड ताट द्या, जाड दांड्याचा चमचा द्या, पेला अर्धाच भरा, भाकरी कालवणात कुस्करून द्या आणि अर्धा तास लागला तर लागू दे. सांडेल. घरातल्यांनी तिकडं बघायचं नाही. पाणी पिताना ठसका लागायला लागला तर तेवढं मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचं.

आणि तुमच्या मुलीला आज रात्रीच सांगा की आजोबा रागावलेले नाहीत. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात. आत हसू आलं तरी ते तोंडावर पोहोचत नाही. “आजोबा, हसलात का?” असं तिनं विचारावं, ते सांगतील. मात्र उदासीनताही याच आजाराचा भाग आहे. तिच्यावर औषध असतं आणि ते चांगलं चालतं. फिरणं, भजन सगळं सुटलेला माणूस गप्प असेल तर तो उदास आहे का, हे डॉक्टरांनी नीट विचारायला हवं.

बँकेचं थोडक्यात. वडलांच्या संमतीनं असली तरी मुलानं ठोकलेली वडलांची सही खोटीच. उद्या खात्यावरून काही झालं तर निस्तरता येणार नाही. या आजारात अक्षर बारीक बारीक होत जातं, दिवाणजींचं सुद्धा. शाखेत जाऊन सांगा, आजचा सहीचा नमुना नव्यानं द्या. तेही जमेना झालं तर आजारी खातेदाराला अंगठ्यावर पैसे काढता येतात. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मामा-आत्यांचं खातं दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करून घेतलं तर रोजचा त्रासच मिटेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे. ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी झाली की प्रमाणपत्र मिळतं; बऱ्याच सवलतींना 40 टक्क्यांची अट असते.

मिस्टरांशी कसं बोलायचं, हा तुमचा न लिहिलेला प्रश्न. तुम्ही एकटीनं त्यांच्याशी वाद घालू नका. सगळं मामांसाठी चाललंय, पण मामांना कुणी विचारलंय? पत्रात तरी कुठं दिसलं नाही. दुपारची गोळी लागू झाली की त्यांना मोकळं बोलता येतं, अशा वेळी मिस्टरांना तिथं बसवा आणि मामांनाच विचारा, “लोकांना सांगायचं की नाही? कुणाला सांगायचं?” उत्तर यायला वेळ लागेल, मधे कुणी वाक्य पुरं करून देऊ नका. ते कदाचित म्हणतील, लग्नापर्यंत नको. मग बाहेरच्यांपुरतं तसं ठेवा, तो त्यांचा हक्क. डॉक्टरांपासून, गोळीपासून आणि घरातल्या घरात मात्र काही लपवायचं नाही, यावर अडून बसा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून चालवलेलं. आत्यांना तिथल्या एखाद्या बाईशी फोनवर बोलायला मिळालं तर माझ्या या पानभर लिहिण्यापेक्षा जास्त उपयोग होईल. रात्री आत्यांची झोप होते का तेही बघा. लाथा बसत असतील तर कॉट वेगळी, पण त्याच खोलीत.

डॉक्टरांकडं जायच्या आधी तीन-चार दिवसांचा एक कागद करा. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, कधी मोकळं चालता आलं, कधी अडकले, अंग आपोआप वळवळलं का, मांजर कधी दिसलं. मोबाइलवर चालण्याचे दोन व्हिडिओ घ्या, एक बऱ्या वेळेचा, एक वाईट वेळेचा. दवाखान्यात माणसं नेमकी शहाण्यासारखी चालतात. चूर्णाची डबी आणि चक्करच्या गोळीचं पाकीट पिशवीत टाका. पाकीट फेकलं असेल तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडून नाव लिहून आणा, आणि त्याच खेपेला त्यांनाही मामांचा आजार सांगून या.